न घेतलेली गिरकी

बडोद्याला बंदर आहे असं कुणी सांगितलं तर ऐकणारा आधी तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग तुमच्या हातातल्या ग्लासाकडे. आता आमच्या गुजरातेत ग्लासात असून असून काय असणार, ताक! पण बंदर आहे, खरंच आहे. कोयलीच्या रिफायनरीची धुराडी मागे टाकून गाडीनं बरंच पुढं गेलं की एक मोठा तलाव लागतो. त्याच्या काठाला दगडी उतार, लाकडी धक्का, पत्र्याची शेड आणि शिडाच्या वीस-पंचवीस होड्या. क्लबातली मराठी मंडळी त्या धक्क्याला पहिल्यापासून बंदर म्हणतात. आधी थट्टेनं म्हणायची, आता सवयीनं म्हणतात. आणि उतराण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेली की तिथं आठवडाभर शर्यती लागतात.

या वर्षीची शेवटची शर्यत दुपारी आटोपली आणि पद्मा धक्क्यावर जी बसली ती बसलीच. उठवेना. सात दिवस होडीच्या काठावर बूड टेकून पाण्यावर झुकायचं, वारा वाढला की आणखी झुकायचं, दोऱ्या ओढायच्या, सोडायच्या, परत ओढायच्या. बोटांची सालटी निघाली होती, मांड्या दगड झाल्या होत्या, पाठीचं तर नाव काढायला नको. पंचावन्न उलटलेल्या बाईनं या वयात नातवंडं खेळवावीत असं तिच्या गोत्रीतल्या सोसायटीतल्या बायका म्हणायच्या. आत्ता या घडीला पद्माला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटत होतं.

तिचा नवरा श्रीकृष्ण तिकडे होडी पाण्यातून वर ओढून घेत होता. रिफायनरीतून निवृत्त होऊन त्याला तीन-चार वर्षं झाली होती आणि गुडघ्यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता. उन्हाळ्यात दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं ठरली होती, म्हणजे हे त्यांचं शर्यतीचं शेवटचं वर्ष. दोघांच्या होडीत मागचा माणूस सुकाणू धरतो आणि हुकूम सोडतो. पुढचा माणूस दोऱ्या ओढतो, वजन टाकतो आणि बोलणी खातो. इतकी वर्षं पुढं पद्माच होती.

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती दोघं जिंकली होती. सगळ्या शर्यतींची बेरीज करून, तन्मय-अवंतीपेक्षा फक्त एका गुणानं पुढं. पण जिंकलं.

"काकी, आज पार्टी!" तन्मय लांबूनच ओरडत आला. मागून अवंती. दोघांचं मागच्याच वर्षी लग्न झालेलं, हनिमूनचे पैसे होडीत घातले म्हणून दोन्हीकडच्या आया अजून धुसफुसत होत्या. अवंतीनं ओल्या कपड्यांनीच पद्माला मिठी मारली. "खरं सांगू काकी? हरल्याचं थोडं वाईट वाटलं. पण तुमच्याकडून हरलो ना, मग चालतंय. काकांचं शेवटचं वर्ष. मस्त झालं."

"हो गं," पद्मा म्हणाली आणि तिला त्या पोरीच्या डोळ्यांकडे बघवेना. अवंतीला वाटलं काकी दमल्या. तशा त्या दमल्याच होत्या. पण खरी गोम वेगळी होती.

गोम अशी, की पद्माची पाठ बोयाला लागली होती.

बोया म्हणजे पाण्यात नांगरून ठेवलेला नारिंगी रबरी फुगा, त्याला वळसा घालून होड्या परत फिरतात. वळसा घालताना बोयाला शिवायचं नाही. होडी नाही, शीड नाही, माणूसही नाही. शिवलात तर तिथल्या तिथे होडीची एक पूर्ण गिरकी घ्यायची, म्हणजे दंड फिटला, मग पुढं निघायचं. आता मजा अशी की हे बघायला पंच नसतो. शिट्टी नाही, कॅमेरा नाही. ज्याला लागला त्यानं आपणहून गिरकी घ्यायची. नाहीच घेतली, आणि काठावर आल्यावर मन खायला लागलं, तर ऑफिसवरचा निळा झेंडा उतरायच्या आत जाऊन सांगायचं, 'आमची ही शर्यत धरू नका.' एकदा झेंडा उतरला की निकाल पक्का. सगळा कारभार माणसाच्या जिभेवर. क्रिकेटवाल्यांना हे सांगितलं की ते पोट धरून हसतात.

शेवटच्या शर्यतीत, शेवटच्या वळणावर, वाऱ्याचा झोत आला म्हणून पद्मा नेहमीपेक्षा जास्त बाहेर झुकली आणि तिच्या लाइफ जॅकेटला मागून थप्पकन ओलं काहीतरी लागलं. क्षणभराचं काम. श्रीकृष्ण तिच्या मागेच होता, पण त्याची नजर वर शिडावर होती असं तिला वाटलं. तोंडाशी आलं होतं, 'अहो, लागला!' आणि तिनं ते गिळलं. गिरकी घेतली असती तर तन्मय-अवंती पुढं गेले असते.

का गिळलं? कपासाठी? छे, कप कसला, पितळेवर मुलामा दिलेलं भांडं, त्यात धड वरणसुद्धा मावायचं नाही. तिनं गिळलं ते वेगळ्याच हट्टानं. एकदा, आयुष्यात एकदा तरी, या माणसाच्या तत्त्वांची आडकाठी न येता काहीतरी आपल्या पदरात पडू दे, एवढंच.

कारण श्रीकृष्ण म्हणजे तत्त्वाचा माणूस. कोयलीच्या कॉलनीत, आणि पुढं क्लबातही, त्याला हरिश्चंद्र म्हणायचे, अर्धे आदरानं आणि अर्धे कावून. कंपनीच्या पेनानं घरचं पत्र लिहायचा नाही. आणि एकदा कॉलनीतल्या शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा निघाली. पद्मा एम.एस्सी., बी.एड., वर्गात पहिली आलेली, मुलगा नुकता शाळेत जायला लागलेला, हात मोकळे. पण श्रीकृष्ण शाळेच्या कमिटीवर. "तू अर्ज करायचा नाहीस," म्हणाला. ती म्हणाली, मुलाखतीच्या दिवशी तुम्ही बाहेर बसा की! मुख्याध्यापक स्वतः म्हणाले, काही हरकत नाही. तर हा म्हणाला, "तत्त्वाचा प्रश्न आहे, पद्मा." झालं. तत्त्वापुढं बायकोचं काय चालतंय! ती जागा दुसऱ्या कुणाला गेली आणि पद्मा जन्मभर जेवणाच्या टेबलावर शिकवण्या घेत राहिली. तिच्याकडची मुलं कुठल्या कुठं गेली. ती गोत्रीत 'ट्यूशनवाल्या काकी' राहिली.

तिनं त्याला माफ केलं नव्हतं. पण एक होतं. रात्री झोप लागत नसली की ती स्वतःला सांगायची, माणूस छळवादी आहे, पण खरा आहे. माझी शाळा गेली ती निदान काहीतरी मोठ्यापायी गेली. एवढ्या एका समजुतीवर तिनं संसार रेटला होता.

आणि आता ती धक्क्यावर बसून ऑफिसवरच्या निळ्या झेंड्याकडे बघत होती. सांगितलं तर हा माणूस एका मिनिटात कपावर पाणी सोडणार, शेवटच्या वर्षाचा विचारही करणार नाही. नाही सांगितलं तर झाकली मूठ सव्वा लाखाची; पण मग हसत हसत कप घ्यायचा, त्या अवंतीनं टाळ्या वाजवायच्या, आणि ह्या खऱ्या माणसाला आपण आयुष्यभराचं खोटं केलं हे मनात ठेवून जगायचं. झेंडा वाऱ्यावर फडफडत होता. चहा झाला की उतरवतील.

"अगं, बसलीस काय? शीड आवरायचंय," श्रीकृष्णानं हाक मारली.

ती उठली. कमरेतून कळ गेली. तिनं बादली घेतली, होडीतला चिखल आणि शेवाळ धुतलं. डोलकाठीच्या टोकाला कुणाच्या तरी उतराणीतल्या पतंगाचा मांजा गुंडाळला होता, तो श्रीकृष्णानं काठीनं ओढून काढला. सगळीकडे हेच चाललं होतं. पाणी उपसायचं, दोऱ्या गुंडाळायच्या, कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. आठवडाभर एकमेकांवर ओरडलेली माणसं आता आवाज जपून वापरत होती. शेडमध्ये सेव-उसळीचा मोठा टोप चढला होता आणि त्याचा तिखट वास तलावापर्यंत येत होता. एरवी पद्माला त्या वासानं भूक लागली असती.

मोठं शीड त्यांनी गवतावर पसरलं. त्याची घडी दोघांनीच घालावी लागते, सोलापुरी चादरीसारखी. दोन टोकांना दोघं, एकानं धरायचं, दुसऱ्यानं आणून द्यायचं. पहिली घडी झाली. दुसरी झाली.

"अहो," पद्मा म्हणाली, "एक सांगायचंय."

"कोपरा नीट धर. सुटतोय."

"शेवटच्या वळणावर बोया लागला मला. पाठीला. मी बोलले नाही."

सांगून टाकलं आणि ती वाट बघत राहिली. आता हा शीड टाकून देणार, ऑफिसकडे निघणार, वर ऐकवणार, 'पद्मा, तू? तू असं केलंस?' त्या बोलण्याची तिनं तयारीसुद्धा केली होती.

श्रीकृष्णानं घडीवरून हात फिरवला, हवा काढली. "माहितीय मला," तो म्हणाला.

"काय माहितीय?"

"लागला ते. डोळ्यांसमोरच तर होता. चांगला गचकन हलला."

पद्माच्या हातातला कोपरा सुटला. "मग गिरकी का नाही घेतली?"

"मला वाटलं तुला कळलं नसेल." त्यानं तिच्याकडे न बघता कोपरा उचलून परत तिच्या हातात दिला. "म्हटलं, इतकी वर्षं पुढं बसून माझी बोलणी खाल्लीस. शेवटचं वर्ष आहे. एकदा तुझं नाव लागू दे कपावर. म्हटलं, असू दे."

दुसरी एखादी असती तर विरघळली असती. नवऱ्यानं जन्मात पहिल्यांदा तिच्यासाठी काहीतरी केलं होतं, तेही चोरून! पण पद्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"असू दे?" ती म्हणाली. "असू दे म्हणता येतं तुम्हाला? मला ठाऊकच नव्हतं. मग शाळेच्या वेळी का नाही म्हणालात असू दे?"

"आता त्याचा इथं काय संबंध?"

"इथंच संबंध आहे! माझ्या नोकरीला आडवं आलं ते तत्त्व आज कुठं गेलं? तलावात बुडालं?"

बाजूच्या होडीवरच्या दोघांनी माना वळवल्या आणि लगेच खाली घातल्या. नवरा-बायकोची भांडणं ओळखायला भाषा लागत नाही. श्रीकृष्ण पालथ्या होडीवर टेकला. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून तो ते चोळत बसला. पद्माला वाटलं, आता नेहमीसारखं काहीतरी भारदस्त बोलेल आणि विषय मिटवेल.

"खरं सांगू?" तो म्हणाला. आवाजात काही जोर नव्हता. दमलेल्या माणसाला खोटं सजवायलाही ताकद लागते. "तेव्हा तत्त्व-बित्त्व काही नव्हतं गं. भीती होती. सगळी कॉलनी बघत होती. हरिश्चंद्रानं बायकोला चिकटवली असं म्हणाले असते. ते ऐकायची माझी छाती नव्हती." मग म्हणाला, "आज कुणी बघत नव्हतं."

पद्मा उभी होती ती तशीच उभी राहिली. तिला ओरडायचं होतं. रडायचं होतं. पण अंगात त्राणच नव्हतं, आठवडाभराच्या वाऱ्यानं सगळं पिळून काढलं होतं. शाळा गेली होती ती कशापायी, तर चार घरच्या चहाच्या गप्पांपायी! ज्या समजुतीवर डोकं टेकून ती इतकी वर्षं झोपली, तिच्यात काही नव्हतंच. फसवलं या माणसानं, तिला वाटलं.

तिनं शिडाचा कोपरा खाली ठेवला आणि चालायला लागली.

"कुठं निघालीस?"

ती ऑफिसच्या दिशेनं गेली.

झेंडा अजून वर होता. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि धवल. धवल म्हणजे शर्यतींचा सगळा कारभार बघणारा. गुजराती, मांडवीतल्या कापडवाल्यांचा मुलगा, पण मराठी शेजारात वाढलेला, त्यामुळे दोन्हीकडचं बोलायचा.

"धवल, आमची शेवटची शर्यत धरू नकोस. बोया लागला होता. गिरकी घेतली नाही."

"काकी, शूं वात करो छो?" तो खुर्चीतून उठलाच. "कप गेला ना मग! दुसरे पण नाही, थेट चौथे जाल तुम्ही."

"जाऊ दे."

धवलनं तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून लांब होडीवर बसलेल्या श्रीकृष्णाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा आदरानं भरून आला. "काकांनी पाठवलं ना? मला माहितीच होतं. काका म्हणजे काका! दुसरा कोण करेल असं?"

कुणाकुणाला काय काय समजावायचं? ती बाहेर आली आणि शेडमधल्या पहिल्या दिसलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. मागून झेंडा उतरल्याचा दोरीचा आवाज आला.

थोड्या वेळानं सगळे जमले. कुणाच्या हातात चहा, कुणाच्या हातात बडोद्याच्या खास लिल्या, म्हणजे ओल्या चिवड्याची बशी, ओले केस, उन्हानं रापलेली नाकं. श्रीकृष्ण शेवटी आला, लंगडत, आणि शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला. पद्माच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिथं तो आला नाही.

धवलनं माइक हातात घेतला. निकाल वाचायच्या आधी मला एक गोष्ट सांगायची आहे, म्हणाला. मग त्यानं ती सांगितली, अर्धी हिंदीत आणि अर्धी गुजरातीत, आणि मीठ-मसाला घालून सांगितली: कुणी पाहिलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती, जिंकलेला कप समोर होता, शेवटचं वर्ष होतं, आणि तरी श्रीकृष्णकाकांनी स्वतःहून सांगितलं. शेड टाळ्यांनी दणाणली. लोक उभे राहिले. तन्मय, ज्याला आता कप मिळणार होता, धावत जाऊन श्रीकृष्णाच्या पाया पडला. अवंती तर रडतच होती.

पद्मा बघत होती. आता तो हात जोडणार, मान किंचित खाली घालणार आणि ते त्याचं साधेपणाचं हसू हसणार. कॉलनीत शंभरदा बघितलेलं हसू. टाळ्या वाजवायला तिचे हात उचलले नाहीत. घरी जाऊन झोपावं, एवढंच तिला वाटत होतं.

श्रीकृष्णानं हात जोडले नाहीत. तो खांब सोडून पुढं आला आणि धवलकडून माइक घेतला.

"बसा," तो म्हणाला. "टाळ्या नका वाजवू. बोया लागला ते मला दिसलं होतं. मी गप्प बसलो. जिंकायचं होतं म्हणून गप्प बसलो. ही गेली आणि हिनं सांगितलं. मी नाही."

टाळ्या तुटक तुटक होत थांबल्या. मागच्या गुजराती मंडळींत कुजबुज सुरू झाली, शूं कह्युं, शूं कह्युं? श्रीकृष्णानं धवलकडे वळून म्हटलं, "सांग त्यांना. गुजरातीत सांग."

"रहेवा दो ना, काका," धवल पुटपुटला.

"सांग."

धवलनं सांगितलं. काका कहे छे के एमने खबर हती. अने ए चूप रह्या. त्या पोराचा आवाज पार खाली गेला होता. श्रीकृष्ण त्याच्या शेजारी उभा राहून आपली गोष्ट दुसऱ्यांदा ऐकत होता, आणि सगळी शेड त्याच्याकडे बघत होती. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग कुणी विचारलेलं नसताना तो आणखी बोलला. "आणि मला ते हरिश्चंद्र म्हणता ना, ते आजपासून नका म्हणू. लोकांच्या भीतीनं मी हिचं एकदा मोठं नुकसान केलंय. तेव्हाही मी खरा नव्हतो." धवलनं या वेळी न सांगताच तेही गुजरातीत सांगितलं.

लोक बशांमध्ये बघायला लागले. तन्मय पाया पडून उठला होता, त्याला आता हात कुठं ठेवावेत कळेना. उसळवाल्यानं पळी टोपावर आपटली, तेवढाच आवाज झाला.

श्रीकृष्णानं माइक परत दिला. दोन बशा भरून घेतल्या आणि लंगडत पद्माच्या शेजारच्या खुर्चीपर्यंत आला. त्यानं एक बशी तिच्या मांडीवर ठेवली.

शाळा काही परत येणार नव्हती. जेवणाच्या टेबलावरची ती सगळी वर्षं परत येणार नव्हती. पद्माला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याबद्दल तिला कुणीही काहीही सांगून उपयोग नव्हता. पण तिनं या माणसाला आज पहिल्यांदाच लोकांसमोर घाबरलेलं आणि तरी बोलताना पाहिलं होतं.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप," पद्मा म्हणाली. "उसळ खा. गार होतेय."

त्यानं चमचा उचलला.